चारमिनारचा रुपया ते दहाचं नाणं : मराठवाड्याच्या खिशाला 'बट्टा' का बसतो?

दहा रुपयांचं नाणं पुढे केलं, की दुकानदार मान हलवतो. "हे इथं चालत नाही, नोट द्या." नांदेड, लातूरसह मराठवाड्यातल्या अनेक बाजारांत ग्राहकांना हा अनुभव येत असतो. हेच नाणं पुण्या-मुंबईत बिनबोभाट चालतं. रिझर्व्ह बँकेने खुलासे केले, प्रशासनाने आवाहनं केली, तरी गल्ल्यावरचं उत्तर फारसं बदलत नाही.

वरवर पाहिलं तर ही अफवेची गोष्ट आहे. पण नाणं एका गावात चालणार आणि दुसऱ्या गावात अडणार, ही स्थिती मराठवाड्याला नवी नाही. ७५-८० वर्षांपूर्वी या भागाचं नाणंच वेगळं होतं. सोलापूर जिल्ह्यातली बार्शी ओलांडून लातूरकडे आलं की रुपयाची किंमत बदलायची. देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, मराठवाडा १९४८ मध्ये मुक्त झाला आणि इथलं जुनं चलन कायद्याने पूर्ण बाद व्हायला १९५९ उजाडलं.

हे नाणं कसं होतं, कुठे पडायचं, ते जायला इतका वेळ का लागला आणि आजच्या दहाच्या नाण्याशी त्याचा काय संबंध, हे समजून घेऊया.

'हाली' आणि 'कलदार' म्हणजे काय?

तेव्हाच्या मराठवाड्याचे पाच जिल्हे, म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबादचा भाग होता. तो स्वतंत्र झाला १९८२ मध्ये.

हैदराबाद संस्थानाची स्वतःची टाकसाळ होती, स्वतःची नाणी होती आणि १९१८ पासून स्वतःच्या नोटाही होत्या. या चलनाला 'हाली सिक्का' म्हणत. 'हाली' म्हणजे सध्याचा, चालू. मराठीतला 'हल्ली' हा शब्दही त्याच अरबी मुळाचा. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून त्याला 'उस्मानिया सिक्का' असंही म्हटलं जायचं.

शेजारच्या ब्रिटिश मुलखात चालणारा रुपया म्हणजे 'कलदार'. 'कल' म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला, काठ एकसारखे असलेला रुपया तो कलदार. पुढे हैदराबादची नाणीही यंत्रावरच पडू लागली, पण नावं तीच राहिली. निजामाचा तो हाली, इंग्रजांचा तो कलदार.

सात हाली बरोबर सहा कलदार

दोन्ही रुपयेच. दोन्हींत १६ आणे, दर आण्याला १२ पै. तरी किंमत सारखी नव्हती. ७ हाली रुपये दिले की ६ कलदार मिळत. म्हणजे १०० कलदार रुपयांसाठी ११६ रुपये, १० आणे, ८ पै इतके हाली मोजावे लागत.

हा दर आला कुठून? उत्तर नाण्यातल्या चांदीत आहे. ब्रिटिश रुपयाचं वजन साधारण ११.६६ ग्रॅम आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. हाली रुपयाचं वजन साधारण ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के, म्हणजे सुमारे ९.१४ ग्रॅम. या दोन आकड्यांचं प्रमाण काढलं, तर ते जवळजवळ बरोबर सातास सहा येतं. कोणी कितीही ठसे उमटवले तरी सराफ शेवटी धातूच तोलत होता.

पुढे दुसऱ्या महायुद्धात चांदी महाग झाली. ब्रिटिश रुपयातली चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. हैदराबादनेही दोन आणे, चार आणे ही नाणी निकेलमध्ये पाडली. नाण्यातली चांदी गेली, पण सातास सहा हा दर हिशोबात राहिला.

व्यवहारात याचा अर्थ काय होता? लातूर ही धान्य-तेलबियांची मोठी पेठ. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरपर्यंत आली आणि इथला माल थेट बार्शीला जाऊ लागला. बार्शी ब्रिटिश मुलखात, लातूर निजामाच्या. नांदेडचा कापूस मनमाडमार्गे मुंबईकडे जायचा, आणि मनमाडही ब्रिटिश मुलखातच. म्हणजे माल विकला जायचा कलदारमध्ये आणि शेतसारा भरायचा हालीमध्ये. सरहद्दीवर निजामाच्या जकातीचे, म्हणजे करोडगिरीचे नाके असत, ते वेगळेच.

एका चलनाचं दुसरं करताना जी कपात होते तिला 'बट्टा' म्हणतात. 'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो, तो शब्द याच बाजारातला. बट्टा कधी कुणाच्या बाजूने जाईल, हे ज्याला हिशोब येतो त्याच्या हातात असतं. व्यापाऱ्याला रोजचा भाव ठाऊक असायचा. वर्षातून एकदा माल विकणाऱ्या कुळाला तो ठाऊक असण्याची शक्यता कमीच.

नाण्यावर चारमिनार, पण मराठीचं एक अक्षर नाही

ब्रिटिश नाण्यावर राजाचा चेहरा असायचा. निजामाच्या चलनी नाण्यावर निजामाचा चेहरा नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हाली रुपयाच्या एका बाजूला चारमिनार आला आणि तीच त्या नाण्याची ओळख बनली.

बारकाईने पाहिलं, तर चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर दिसतं. सहावा निजाम महबूब अली खान याच्या नाण्यांवर 'मीम', म्हणजे 'म'. १९११ मध्ये गादीवर आलेल्या उस्मान अली खानच्या नाण्यांवर 'ऐन', म्हणजे त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. भोवती 'निजाम-उल-मुल्क आसफ जाह बहादूर' ही पदवी आणि ९२ हा आकडा. अबजद पद्धतीत प्रत्येक अरबी अक्षराला एक अंक असतो. त्या हिशोबाने 'मुहम्मद' या नावाची बेरीज ९२ होते. मागच्या बाजूला किंमत, राज्यारोहणाचं वर्ष आणि टाकसाळीचं नाव 'फर्खुंदा बुनियाद हैदराबाद', म्हणजे भाग्यशाली पाया असलेलं हैदराबाद.

हा सगळा मजकूर फारसी वळणाचा. संस्थानातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी. हाली नोटांवर निदान रकमेचा उल्लेख या तिन्ही भाषांत असायचा. नाण्यावर ती सोय नव्हती. म्हणजे नांदेडच्या बाजारात बसणाऱ्या माणसाला आपल्या पैशावर लिहिलेलं वाचता येत नव्हतं. तो चारमिनार पाहून, वजन जोखून आणि दगडावर आपटून खणखणीत आवाज येतो का हे ऐकून नाणं ओळखायचा. 'खणखणीत' या शब्दाला आजही जो भरवशाचा अर्थ आहे, तो तिथूनच.

१९४७-४८ : चलन हेच हत्यार

१५ ऑगस्ट १९४७ ला हैदराबाद भारतात आलं नाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर लगेचच निजाम सरकारने काही निर्णय घेतले, त्यातले तीन थेट पैशांशी संबंधित होते. संस्थानात भारतीय चलन अवैध ठरवलं गेलं. सोनं-चांदीसारखे मौल्यवान धातू संस्थानाबाहेर नेण्यावर बंधनं घातली गेली. आणि भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात पाकिस्तानला २० कोटी रुपयांचं कर्ज देण्याचं ठरलं.

भारत सरकारने या तिन्ही गोष्टींना आक्षेप घेतला. कारण उघड होतं. स्वतःचं नाणं आणि दुसऱ्याच्या नाण्याला मज्जाव, हे स्वतंत्र राष्ट्राचं वागणं झालं. निजामाला जे राजकीय भाषेत सांगायचं होतं, ते त्याने चलनाच्या भाषेत सांगितलं होतं.

त्याच काळात मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांनाही पैशांचं महत्त्व कळलं होतं. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक सशस्त्र कार्यकर्त्यांनी लुटली. सरहद्दीवरच्या केंद्रांना पैसा हवा होता आणि निजामाची तिजोरी कमजोरही करायची होती. नेमक्या त्याच दिवशी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली.

मुक्तीनंतरही निजामाचंच नाणं

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबादेत शिरलं. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तोच दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

पण १८ सप्टेंबरला सकाळी दूध, भाजी, किराणा घ्यायला बाहेर पडलेल्या माणसाच्या हातात हालीच होता. नुसता जुना साठाच नव्हे, हिजरी १३६८ या वर्षाची हाली नाणीही मिळतात. हे हिजरी वर्ष सुरू झालं नोव्हेंबर १९४८ मध्ये. म्हणजे निजामाची सत्ता संपल्यावरही त्याच्या पदवीची, चारमिनारची नाणी टाकसाळीतून पडत होती.

यात कुणाची गफलत नव्हती. चलन बदलणं हे झेंडा बदलण्याइतकं सोपं नसतं. मजुरी, पगार, शेतसारा, सावकाराचं कर्ज, दुकानाची उधारी, सगळं हालीमध्ये लिहिलेलं. समजा, एखाद्या कुळाच्या नावावर ७०० हाली रुपये कर्ज आहे. नव्या चलनात ते ६०० रुपये व्हायला हवं. सावकाराने वहीतला '७००' हा आकडा तसाच ठेवला आणि चलन तेवढं बदललं, तर कुळाच्या डोक्यावर १०० रुपये फुकटचे बसतात. उलट मजुराची ७ हालीची मजुरी ६ रुपये झाली, तर हिशोब बरोबर असूनही मजुराला वाटणार, आपली मजुरी कापली. घाईने बदल केला असता तर गोंधळ आणि लूट दोन्ही झालं असतं.

म्हणून बदल टप्प्याटप्प्याने झाला. १९५० मध्ये भारतीय रुपया हालीच्या जोडीने, त्याच सातास सहा दराने आणला गेला. १९५१ मध्ये हाली काढणं थांबलं. १९५९ मध्ये ते चलन कायद्याने बाद झालं.

हाली चलनाचा कारभार पाहण्यासाठी निजाम सरकारने १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन केली होती. हीच बँक १९५६ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. नांदेड-लातूरच्या कित्येक घरांत 'एसबीएच'ची पासबुकं आजही सापडतील. निजामाचं चलन सांभाळायला निघालेली बँक पुढे सहा दशकं मराठवाड्याचे पगार आणि पीककर्ज सांभाळत होती.

राजा गेला, सिंह आला

उरलेल्या भारतातही नाणं लगेच बदललं नव्हतं. १९४७ ते १९५० या काळात सहाव्या जॉर्जचा चेहरा असलेली नाणी चालूच होती. १५ ऑगस्ट १९५० ला प्रजासत्ताकाची पहिली नाणी आली. राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले आणि रुपयावर वाघाऐवजी धान्याचं कणीस. कुठल्याही व्यक्तीचा चेहरा न छापता देशाने एक जुनं शिल्प आणि शेतातलं पीक निवडलं.

पाठोपाठ १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. १६ आण्यांचा, ६४ पैशांचा रुपया १०० 'नया पैशां'चा झाला. चार आणे म्हणजे बरोबर २५ पैसे, पण एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. पुन्हा पूर्णांकाचा घोळ, पुन्हा सुट्ट्या पैशांवरून वाद. 'नया' हा शब्द गळायला १९६४ उजाडलं. 'चाराणे', 'आठाणे' तर अजूनही बोलण्यातून गेलेले नाहीत.

मराठवाड्याच्या बाजूने हे पाहिलं, तर चित्र असं दिसतं. १९४८ ते १९५७ या नऊ वर्षांत एकाच माणसाने चारमिनारचा हाली हाताळला, राजाचा कलदार हाताळला, सिंहाचे आणे हाताळले आणि नवे पैसेही हाताळले. याच काळात त्याचं राज्यही बदललं. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादेतून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

आफ्रिकेत काय झालं?

नवा देश नाण्यावर काय छापतो, हा प्रश्न आफ्रिकेतल्या देशांनाही पडला आणि त्यांची उत्तरं वेगळी होती.

घाना ६ मार्च १९५७ ला स्वतंत्र झाला. १९५८ मध्ये त्याने स्वतःची नाणी काढली. ती पडली मात्र ब्रिटनच्याच रॉयल मिंटमध्ये. त्यावर पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांचा चेहरा होता आणि लॅटिन भाषेत 'घाना राष्ट्राचा संस्थापक' असा मजकूर. नव्या स्वतंत्र देशाच्या नाण्यावर लॅटिन! हाली रुपयावरची फारसी जशी मराठी माणसाला परकी, तशीच ही.

१९६५ मध्ये घानाने पौंड सोडून 'सेडी' हे चलन आणलं. हा शब्द तिथल्या भाषेतल्या कवडीच्या नावावरून आला. पश्चिम आफ्रिकेत शतकानुशतकं कवड्या पैसे म्हणून चालत, आणि त्यातल्या बऱ्याच मालदीवच्या समुद्रातून, हिंदी महासागरातल्या व्यापारातून तिकडे पोचलेल्या. मराठीत 'कवडीमोल' म्हणजे किंमत नसलेलं. घानाने त्याच कवडीला राष्ट्रीय चलनाचा मान दिला. पण फेब्रुवारी १९६६ मध्ये लष्कराने एन्क्रुमांची सत्ता उलथवली आणि पुढच्या वर्षीच्या नाण्यांवरून त्यांचा चेहरा गेला. त्या जागी कोकोच्या शेंगांसारखी चित्रं आली.

केनियाची गोष्ट भारताशी थेट जोडलेली आहे. १९२० पर्यंत ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारतीय रुपयाच चालत होता. स्वातंत्र्यानंतर केनियाच्या नाण्यांवर राष्ट्राध्यक्षांचे चेहरे येत गेले. २०१० च्या राज्यघटनेने ते थांबवलं. नोटा-नाण्यांवर कुठल्याही व्यक्तीचं चित्र नको, असं कलमच घातलं गेलं. २०१८ मध्ये जिराफ, गेंडा, सिंह आणि हत्तीची नाणी आली.

चेहऱ्याला किंवा चित्राला विरोध हा राजकारणाचा भाग झाला. पण बाजाराचा प्रश्न वेगळा असतो. नाणं पाहताक्षणी ओळखता येतं का? आणि पुढचा माणूस ते घेईल का? दहाच्या नाण्याचं दुखणं नेमकं इथे आहे.

तीच टाकसाळ, नवं नाणं

खिशात नाणं असेल तर काढून पाहा. वर्षाच्या खाली छोटी चांदणी असेल, तर ते हैदराबादच्या टाकसाळीत पडलेलं आहे. मुंबईची खूण चौकट, नोएडाची टिंब. कोलकात्याची खूणच नसते.

हैदराबादची ही टाकसाळ मूळ निजामाची. १९०३ मध्ये ती सैफाबादला आली, १९५० मध्ये भारत सरकारने ताब्यात घेतली आणि १९९७ मध्ये शहराबाहेर चेर्लापल्लीला हलवली. सैफाबादच्या जुन्या इमारतीत आता नाण्यांचं संग्रहालय आहे. म्हणजे ज्या टाकसाळीने नांदेड-लातूरला चारमिनारचा रुपया दिला, तीच आज चांदणीचं दहाचं नाणं देते.

दहाचं नाणं सर्वसामान्यांच्या हाती आलं २००९ मध्ये. व्यास २७ मिलिमीटर, वजन ७.७१ ग्रॅम. बाहेरचं पिवळं कडं तांबं, ॲल्युमिनियम आणि निकेलच्या मिश्रधातूचं. आतली पांढरी चकती पोलादाची. कडं आणि चकती वेगवेगळी तयार होतात आणि ठसा मारतानाच्या प्रचंड दाबाने एकमेकांत घट्ट बसतात. दोन धातूंची ही रचना मुद्दाम केलेली असते, कारण तशी नक्कल करणं अवघड आणि खर्चिक असतं.

नाण्याची रचना आणि संख्या केंद्र सरकार ठरवतं. रिझर्व्ह बँकेचं काम ते बाजारात पोचवण्याचं.

मग ते नाकारलं का जातं?

पहिलं कारण, चेहऱ्यांची गर्दी. सुरुवातीच्या नाण्यांवर रुपयाचं ₹ हे चिन्ह नव्हतं, २०११ पासून आलं. काहींवर १५ रेघा, काहींवर १०. शिवाय प्रसंगाप्रसंगाने काढलेली वेगळी नाणी. होमी भाभा, रिझर्व्ह बँकेची ७५ वर्षं, वैष्णोदेवी, संसदेची ६० वर्षं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची १२५ वी जयंती, गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतून परतण्याची शताब्दी. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं, की दहाच्या नाण्याचे १४ प्रकार चलनात आहेत आणि सगळे वैध आहेत. २०१९ मध्ये आणखी नवी मालिका आली.

सरकारसाठी हा स्मृतीचा मान. गल्ल्यावर बसलेल्यासाठी मात्र दहाच्या नोटेचे एक-दोन चेहरे आणि दहाच्या नाण्याचे चौदा. 'दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं' ही अफवा त्या गोंधळात रुजली.

दुसरं कारण, साखळी. किरकोळ दुकानदार नाणं घेत नाही, कारण त्याचा ठोक व्यापारी घेत नाही. ठोक व्यापारी घेत नाही, कारण पोतंभर नाणी बँकेत नेली की मोजायला वेळ लागतो आणि काउंटरवर कुरकुर होते. खरं तर बँकेच्या शाखेने नाणी नाकारू नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट आदेश आहेत आणि दंडाची तरतूदही आहे. पण साखळीतली एक कडी अडली की सगळीच अडते.

तिसरं कारण, खात्री करण्याचं साधन नाही. हालीच्या काळी सराफ होता, तराजू होता, दगडावरचा आवाज होता. आजच्या नाण्याची किंमत धातूत नसून सरकारच्या शब्दात आहे. तो शब्द तपासायला दुकानदाराकडे एकच कसोटी उरते, 'पुढचा घेईल का?' या एका प्रश्नाचं उत्तर पुण्यात 'हो' आहे आणि इथल्या काही बाजारांत 'नाही'. नाणं दोन्हीकडे तेच आहे.

कायदा काय सांगतो?

- नाणे कायदा, २०११ नुसार एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात १,००० रुपयांपर्यंत वैध चलन आहेत.
- ५० पैशांचं नाणं १० रुपयांपर्यंत वैध आहे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली.
- दहाच्या नाण्याचे सगळे प्रकार वैध आहेत. ₹ चिन्ह असो वा नसो, रेघा १० असोत वा १५.
- रिझर्व्ह बँकेने दहाच्या नाण्याच्या माहितीसाठी १४४४० हा क्रमांक सुरू केला होता.

बट्टा शेवटी कुणाला?

नाणं अडल्याने मोठ्या दुकानाचं फारसं बिघडत नाही. तिथे यूपीआय आहे, नोटा आहेत. नुकसान होतं ते दहा-वीस रुपयांवर ज्याचा धंदा चालतो त्याचं. भाजीची जुडी विकणारी बाई, चहाची टपरी, रिक्षावाला, एसटीचा वाहक, शाळेसमोर पेरू विकणारा. मुंबईहून परतलेल्या मजुराच्या खिशात दहाची वीस नाणी असतील, तर कायद्याने ते २०० रुपये आहेत. गावात ते त्याला 'बाहेर गेल्यावर वापरू' म्हणून डब्यात टाकावे लागतात. डब्यात पडलेले २०० रुपये म्हणजे जवळपास नसलेलेच. हालीच्या काळी शंभर कलदारासाठी सोळा-सतरा रुपये जास्त मोजावे लागत. आज नाकारलेल्या नाण्यावर पूर्ण दहा रुपयांचा बट्टा बसतो.

यावरचा उपाय हालीच्या इतिहासात दिसतो. सातास सहाचा दर मोडायला नुसता हुकूम पुरला नाही. नवं चलन जुन्याच्या जोडीने ठेवलं गेलं, सरकारी तिजोरीने आणि बँकेने ते आधी घेतलं आणि मग लोकांनी घेतलं. आजही साखळी वरून सुटू शकते. बँकेच्या शाखेत नाणी जमा करण्याचे ठराविक दिवस आणि वेगळी खिडकी असेल, एसटी, महावितरण, नगरपालिका यांच्या भरणा केंद्रांवर आणि बाजार समितीच्या आवारात 'दहाचं नाणं स्वीकारलं जाईल' ही पाटी असेल, तर ठोक व्यापाऱ्याला ते नाकारायचं कारण उरत नाही. त्याने घेतलं की किरकोळ दुकानदार घेतो. आणि नाण्यांचे प्रकार वाढवताना सरकारने गल्ल्यावरच्या माणसाचाही विचार करायला हवा. स्मारक नाणी चलनापासून वेगळी ठेवता येतात. गुरू गोविंदसिंगांच्या ३५० व्या जयंतीचं जे ३५० रुपयांचं नाणं २०१९ मध्ये निघालं, ते संग्राहकांसाठीच होतं. त्याने कुठल्याही बाजारात गोंधळ झाला नाही.

१९५९ मध्ये हाली बाद झाला, तेव्हा मराठवाड्याच्या बाजारात आणि पुण्याच्या बाजारात एकच रुपया एकाच किमतीला चालायला लागला. एका देशात असण्याचा तो सगळ्यात साधा, रोजचा पुरावा होता. दहाच्या नाण्याने तो पुन्हा पुसट केला आहे, आणि तो ठळक करण्याची सुरुवात बँकेच्या खिडकीपासूनच व्हायला हवी.